मागच्या चाकाचं बेअरिंग: आधी बघा, तिथे तेल जातं की ग्रीस

जुनी स्पोर्ट्स कार हातात आली की माणूस आधी कार्ब्युरेटरच्या मागे लागतो, मग इग्निशन, मग क्रोम घासत बसतो, आणि मागच्या चाकाची बेअरिंगं मात्र कुणाच्या यादीतच नसतात कारण ती दिसत नाहीत आणि पार जायला येईपर्यंत फारशी बोलतही नाहीत. पुढच्या चाकाचं बरंय, कॅप काढली की नट दिसतो, प्ले (सैलपणा) बघता येतो, ग्रीस बदलता येतं, आपण काहीतरी केलं असं वाटतं. मागे ब्रेकचा ड्रम, शू, त्यांच्यामागची बॅकप्लेट, चाक फिरवणारा हाफ शाफ्ट एवढं सगळं ओलांडून जावं लागतं, त्यामुळे "चालतंय ना, मग राहू दे" हाच नियम.

मला बरेच जण विचारतात की मागच्या बेअरिंगला कुठलं ग्रीस घालू. यावर माझा दरवेळी उलटा प्रश्न असतो, बाबा रे, तुझ्या गाडीत तिथे मुळात ग्रीस जातं का? कारण अर्ध्याअधिक जुन्या गाड्यांमध्ये ते बेअरिंग डिफरन्शियलच्या (डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) तेलावर जगतं, तिथे तुम्ही गन लावून ग्रीस कोंबायची जागा शोधत बसलात तर सापडणारच नाही, आणि ज्या गाडीत खरंच ग्रीसची सोय आहे तिथे मालकाला ते माहीतच नसतं म्हणून तो प्लग कित्येक वर्षं उघडलेला नसतो. ब्रँड, रंग, किंमत हे सगळं नंतर. आधी गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल उघडा आणि लुब्रिकेशन चार्टवर मागच्या हबसमोर (चाक ज्यावर बसतं तो भाग) काय लिहिलंय ते बघा, काहीच लिहिलं नसेल तर तीही माहितीच आहे, याचा अर्थ बहुतेक वेळा तिथे तेल आपोआप पोचतं किंवा बेअरिंग सील्ड (दोन्ही बाजूंनी कायमचं बंद) आहे.

माझ्याकडची गाडी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ट्यूब अ‍ॅक्सलवाली, तर तिच्यावरूनच सांगतो. एमजीबी १९६२ ते १९८० बनली आणि तिला दोन प्रकारचे मागचे अ‍ॅक्सल आले. सुरुवातीच्या रोडस्टरला (उघड्या छपराची) बँजो अ‍ॅक्सल होता, १९६५ ला बंद छपराची जीटी आली ती ट्यूब अ‍ॅक्सल घेऊनच, आणि रोडस्टरला तो १९६७ च्या सुमारास मिळाला. ओळखायला सोपं आहे, गाडीच्या मागून खाली वाकून बघा, डिफला मागे बोल्टांनी बसवलेलं झाकण असेल तर ट्यूब, आणि मागची बाजू गोल गुळगुळीत असेल, झाकणच नसेल, तर बँजो. दोन्हींत बेअरिंगला तेल डिफमधूनच मिळतं पण आतली रचना पार वेगळी. बँजोमध्ये बेअरिंग हबच्या आत बसतं आणि हब अ‍ॅक्सलच्या नळीवर फिरतो, बाहेरून मोठा अष्टकोनी नट, आणि डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे. हे माहीत नसताना लांब पाइप लावून जोर काढणारे लोक आहेत, मग नळीच्या आट्यांचं जे होतं ते बघवत नाही. ट्यूब अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंग हाफ शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं, शाफ्टच्या टोकाला हब, म्हणजे चाक, हब, शाफ्ट सगळा भार बाहेरच्या टोकाला एकाच बेअरिंगवर. याला सेमी-फ्लोटिंग म्हणतात, आणि म्हणूनच इथलं बेअरिंग गेल्यावर "अजून थोडं चालवू" करायचं नसतं.

आता तेल तिथे जातं कसं हे समजून घेण्यासारखं आहे. डिफमधला मोठा क्राउन गिअर खालून तेलात बुडालेला असतो, तो फिरला की तेल उडवतो, ते तेल दोन्ही बाजूंच्या नळ्यांमध्ये पडतं आणि शाफ्टच्या कडेने हळूहळू टोकापर्यंत सरकतं. शिवाय गाडी वळणावर गेली की तेल बाहेरच्या बाजूला ढकललं जातं, म्हणजे ज्या चाकावर वळणात जास्त भार येतो नेमकं त्याच टोकाला जास्त तेल. ना पंप ना ग्रीस द्यायचं निपल, तरी चालतं. पण हे चालण्यासाठी दोनच गोष्टी लागतात, तेलाची पातळी बरोबर हवी आणि ब्रीदर उघडा हवा. ट्यूब अ‍ॅक्सलमध्ये सगळं मिळून तेल जेमतेम ०.८५ लिटर, बँजोमध्ये १.२८ लिटर, म्हणजे सीलमधून थोडं थोडं गळत राहिलं तरी पातळी लवकर खाली येते आणि सगळ्यात आधी उपाशी राहतात ती टोकाची बेअरिंगं, डिफ नाही. डिफ आवाज करायला लागेपर्यंत बेअरिंगचा निकाल लागलेला असतो.

आणि ब्रीदर! अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला एक छोटीशी गोष्ट असते, चिखल आणि जुन्या अंडरसीलच्या (गाडीच्या तळाला मारलेला गंजरोधक लेप) थराखाली गाडलेली. अ‍ॅक्सल गरम झाला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला ही वाट. ती बंद असली की हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल घेऊन जाते, ते तेल ब्रेक शूवर. मग लोक सील बदलतात, पुन्हा गळतं, पुन्हा सील, मग सील बनवणाऱ्याला शिव्या. आधी ब्रीदर काढून साफ करा, बारीक तार घाला, फुंकून बघा, फुकटचं काम आहे. पातळी गरजेपेक्षा जास्त भरली तरी हेच होतं, म्हणून गाडी सपाट जागेवर उभी करून फिलर प्लगच्या तोंडापर्यंत भरायचं, वरचं ओघळून जाऊ द्यायचं आणि मगच प्लग लावायचा. तेल साधं गिअरचं हायपॉइड ईपी ९० किंवा ८०डब्ल्यू-९०, डिफला जीएल-५ दर्जाचं चालतं. जीएल-५ वरून जी भांडणं होतात ती पितळ-ब्राँझचे भाग असलेल्या गिअरबॉक्सबद्दल, ती इथे आणू नका.

तर अशा गाडीत "बेअरिंगला वंगण घालणं" म्हणजे खरं तर पातळी, ब्रीदर आणि सील एवढंच. नवीन बेअरिंग बसवताना त्याला ग्रीस लावून बसवायचं, कारण तेल तिथे पोचायला थोडा वेळ लागतो आणि कोरडं बेअरिंग सुरुवातीचे काही किलोमीटर तसंच फिरवणं बरं नाही. पुढे तेल त्या ग्रीसला हळूहळू धुऊन नेतं, काही बिघडत नाही. मात्र अख्खी पोकळी ठासून भरायची नाही. काही जण इथे दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं बेअरिंग बसवतात, की झंझटच नको. माझं मत विचाराल तर चांगलं चालणारं तेल बाहेर अडवून आत कारखान्यातून भरलेल्या चमचाभर ग्रीसवर अवलंबून राहण्यात मला शहाणपणा दिसत नाही. ज्या गाडीत मुळातच सील्ड बेअरिंग होतं तिथे सील्डच घाला, तिथे वंगण घालायचा प्रश्नच नाही, आवाज आला की बदला.

आता दुसरा गट, ग्रीसवाला, आणि इथे खरी मजा आहे. ट्रायम्फ स्पिटफायर घ्या, तीही १९६२ ते १९८० चीच. तिला मागे लाइव्ह अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारी अखंड नळी) नाही, डिफ चॅसिसला बांधलेला, वर आडवी लीफ स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना स्विंग करणारे शाफ्ट. त्यामुळे डिफचं तेल चाकापर्यंत जाऊच शकत नाही. हबमध्ये एक बॉल बेअरिंग आणि एक नीडल रोलर (सुईसारख्या बारीक रोलरचं बेअरिंग), दोन्ही ग्रीसवर, आणि बऱ्याच गाड्यांत हबच्या हाउसिंगला एक छोटा प्लग असतो. प्लग काढायचा, त्या जागी निपल लावायचं, ग्रीस द्यायचं, निपल काढून प्लग परत. तो प्लग गंजून, रंगाखाली जाऊन असा काही एकजीव झालेला असतो की तिथे काही आहे हेच कळत नाही. नीडल रोलरचं दुखणं असं की ते थेट शाफ्टवरच फिरतं, वेगळी आतली रेस (कडी) नाही, त्यामुळे ग्रीस संपलं की नुसतं बेअरिंग नाही तर शाफ्टही खराब होतो, त्यावर बोटाला लागेल असा खड्डा पडतो. मग नवीन बेअरिंग घातलं तरी काही दिवसांत तोच आवाज. आणि हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर इतका घट्ट बसलेला असतो की साध्या दोन-तीन पायांच्या पुलरने तो हलत नाही, हबचा फ्लँज वाकतो पण हब येत नाही, तिथे त्या कामाचा जाडजूड पुलरच लागतो. गंमत म्हणजे याच गाडीच्या पुढच्या ट्रनियनला (पुढच्या सस्पेन्शनचा खालचा फिरणारा जोड) ग्रीस नाही तर हायपॉइड तेल द्यायचं असतं, आणि लोक बरोबर उलटं करतात, पुढे ग्रीस आणि मागे काहीच नाही.

जॅग्वार ई-टाइप, १९६१ ची, तिथेही मागे स्वतंत्र सस्पेन्शन. हब कॅरियरमध्ये दोन टॅपर रोलर बेअरिंग आणि वर ग्रीस द्यायला टोपी लावलेलं भोक. एंड फ्लोट (शाफ्टच्या दिशेने ठेवायचा सैलपणा) ०.००२ ते ०.००६ इंच, तो स्पेसर बदलून जमवायचा, म्हणजे पुढच्या चाकासारखं "नट आवळा आणि थोडा सोडा" असं तिथे चालत नाही. या भोकातून ग्रीस देताना हात आखडता ठेवायचा. हाताने चालवायची साधी ग्रीसगनसुद्धा शेकडो बारचा दाब देते, सीलचं ओठ त्यापुढे काहीच नाही, एकदा उलटलं की उलटलं. ई-टाइपचे मागचे ब्रेक आत डिफजवळ असल्यामुळे ग्रीस निदान डिस्कवर तरी जात नाही, पण ज्या गाडीत ड्रम हबवरच आहे तिथे सीलमधून सुटलेलं ग्रीस थेट शूवर, आणि ग्रीस प्यायलेला शू घासून, धुऊन, जाळून कशानेही परत येत नाही. फेकायचा, आणि दोन्ही बाजूंचे बदलायचे.

किती ग्रीस यावर सगळ्यांचा गैरसमज आहे. बेअरिंगच्या आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मं, एवढंच. जास्त भरलं की छर्रे किंवा रोलर ते घुसळत बसतात, घुसळण्याने उष्णता, उष्णतेने ग्रीस पातळ, पातळ झालं की सीलबाहेर. म्हणजे जास्त ग्रीस घालूनच शेवटी बेअरिंग कोरडं होतं. ग्रीस म्हणजे तरी काय, बहुतांश तेलच, ते साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं, स्पंज पाणी धरतो तसं. वंगणाचं काम ते तेल करतं. म्हणून डबा बरेच दिवस ठेवला की वर तेल सुटलेलं दिसतं, थोडं असेल तर ढवळा आणि वापरा, फेकून देऊ नका.

कुठलं घ्यायचं तर एनएलजीआय २ नंबरचं व्हील बेअरिंग ग्रीस, लिथियम कॉम्प्लेक्स असेल तर उत्तम. हा २ नंबर म्हणजे फक्त घट्टपणा, दर्जा नाही. प्रयोगशाळेत २५ अंश सेल्सिअसला ग्रीसमध्ये शंकू सोडतात, तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर बुडाला की नंबर २. डब्यावर जीसी-एलबी लिहिलेलं असेल तर ते व्हील बेअरिंग आणि चॅसिस दोन्हीसाठी पास झालेलं आहे. साध्या लिथियम ग्रीसचा ड्रॉपिंग पॉइंट (पातळ होऊन थेंब पडायला लागतो ते तापमान) १८० अंशांच्या आसपास, कॉम्प्लेक्सचा २५० च्या वर, आणि ड्रम ब्रेकची उष्णता हबमध्ये उतरते म्हणून हा फरक कामाचा आहे. जुन्या काळचं कॅल्शियमचं चॅसिस ग्रीस चाकात घालू नका, ते थोड्या उष्णतेतच हात टेकतं. काळं मॉलीवालं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं) घरात पडलंय म्हणून तेच घालू का, असंही विचारतात. ते सरकणाऱ्या, घासणाऱ्या जोडांसाठी छान, फिरणाऱ्या रोलरला त्याची गरज नाही. आणि जुनं कुठलं आहे हे माहीत नसेल तर त्याच्यावर नवीन घालू नका. लिथियम आणि बेंटोनाइट मातीवालं ग्रीस एकत्र आलं की दोन्ही मऊ पडून वाहायला लागतात. जुनं पूर्ण काढा.

काढायचं कसं, तर बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून जुन्या ब्रशने, केजच्या (रोलर अंतरावर धरणारी जाळी) प्रत्येक खाचेतून. पहिल्या धुण्यात वाटतं झालं साफ, पण दुसऱ्यांदा स्वच्छ रॉकेलमध्ये घातलं की तळाशी परत करडा गाळ. तो गाळ बोटांत चोळून बघा, मऊ असेल तर जुनं ग्रीस, रवाळ लागला आणि उजेडात चमकला तर लोखंड, आणि मग पुढची मेहनत वाया न घालवता नवीन बेअरिंग आणा. कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग गरगर फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, आवाज भारी येतो, पण कोरडं बेअरिंग त्या वेगाने फिरलं की केज फुटून रोलर गोळीसारखे उडू शकतात. हवा मारायची तर रेस बोटांनी घट्ट धरून, नाहीतर चिंधीवर वाळू द्या. वाळल्यावर रोलर एकेक फिरवून बघायचे. निळसर छटा म्हणजे तापलंय. टवका उडालेला म्हणजे संपलंय. आणि रोलरच्या अंतराइतक्या अंतरावर रेसवर आडवे काळे-तांबडे पट्टे दिसले तर गाडी ओलीत, न हलवता, फार काळ उभी होती. क्लासिक गाड्यांत हे शेवटचं सगळ्यात जास्त दिसतं, चालवून नाही तर उभं ठेवून मेलेली बेअरिंगं.

टॅपर रोलर हाताने भरताना डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्या, उजव्या हातात बेअरिंग, रुंद बाजू खाली, आणि त्याची कड ग्रीसच्या गोळ्यावर दाबत दाबत तळहाताकडे ओढा. पहिल्यांदा काहीच होत नाही असं वाटतं, मग वरच्या अरुंद बाजूने रोलरच्या मधून ग्रीसचे बारीक किडे बाहेर यायला लागतात. ते आले की बेअरिंग थोडं फिरवायचं, पुढची जागा. पूर्ण वेढा झाला की रोलरवर बोट फिरवून बाहेरून पातळ थर. नुसतं बाहेरून फासलेलं ग्रीस आत जात नाही, गाडी चालल्यावर ते बाजूला फेकलं जातं आणि आतून बेअरिंग कोरडंच. हातमोजे घाला, त्वचेसाठी तर आहेच पण घामाच्या बोटांचे ठसे पॉलिश केलेल्या रेसवर गंज धरतात.

या सगळ्याच्या आधी आवाज नक्की कुठून येतोय ते ठरवायला हवं. बेअरिंगची गुणगुण गाडीच्या वेगाबरोबर वाढते, इंजिनच्या आरपीएमशी तिचा संबंध नाही, म्हणून न्यूट्रलला टाकून गाडी घरंगळू दिली तरी ती तशीच राहते. डिफचा आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. लांब डाव्या वळणावर आवाज वाढला तर संशय उजव्या चाकावर, कारण भार तिकडे गेलेला असतो, पण यावर डोळे झाकून विसंबू नका. जॅकवर घेऊन एक हात स्प्रिंगवर किंवा बॅकप्लेटवर ठेवायचा आणि दुसऱ्याने चाक फिरवायचं, कानापेक्षा तळहाताला खरखर आधी कळते.

काम करताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक अडवायचे ठोकळे), गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही, हँडब्रेक सोडलेला, नाहीतर ड्रम निघणार नाही. तेलवाल्या अ‍ॅक्सलमध्ये ज्या बाजूचं काम आहे तीच बाजू दुसरीपेक्षा उंच ठेवा, तेल पलीकडे जातं आणि शाफ्ट ओढला की अंगावर येत नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या शूमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. नवीन बेअरिंग शाफ्टवर घालताना दाब आतल्या रेसवरच द्यायचा, बाहेरची रेस ठोकून घातलेलं बेअरिंग बसतानाच खराब झालेलं असतं, छर्‍यांमधून हातोडा गेला की रेसवर ठसे उमटतात. ओव्हनमध्ये १०० अंशांपर्यंत तापवलं तर बरंचसं हाताने सरकतं, टॉर्चची ज्योत मात्र नाही. सीलचं ओठ आत, तेलाच्या बाजूला, आणि ओठाला बोटभर ग्रीस, कोरडं सील पहिल्याच फेरीत जळतं. सील जिथे घासतं तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवीन सीलही गळणार, तो भाग बदला किंवा वर पातळ स्लीव्ह चढवा. एमजीबीच्या ट्यूब अ‍ॅक्सलचा हब नट १५० फूट-पाउंडला, स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर अजून आवळून जुळवायचं, सोडून नाही.

नंतर थोडी फेरी मारून दोन्ही मागच्या चाकांचे मध्य उलट्या हाताने जपून चाचपा. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एकच गरम असेल तर आधी बघा ब्रेक घासतोय का, बहुतेक वेळा तेच असतं. काही दिवसांनी बॅकप्लेटची खालची कड बघा. ओलं दिसलं तर बोटाला लावून वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आणि बुळबुळीत असेल तर डिफचं तेल, म्हणजे सील किंवा ब्रीदर. तपकिरी, चिकट, ओघळ न येणारं असेल तर ग्रीस जास्त झालंय. आणि पातळ, जवळपास पाण्यासारखं, रंगाला लागलं की रंगच फुगवणारं असेल तर ते बेअरिंगचं नाहीच, व्हील सिलिंडर गळतोय, तो आधी बघा आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.